उन्हाळी परत परत का लागते?

पत्र : मी ५१ वर्षांची. मराठवाड्यातल्या एका गावात आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या अकरा महिन्यांत चार वेळा उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. दर वेळी डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, दोन दिवसांत बरं वाटतं, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. धने-जिऱ्याचं पाणी झालं, गोखरूचा काढा झाला. मुलाने पुण्याहून मॅनोज नावाच्या साखरेची पावडर पाठवली आहे. नणंद म्हणते, स्वच्छता कमी पडते. म्हणून दिवसातून दोनदा जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने धुते. शाळेतलं स्वच्छतागृह कुलपात असतं, त्यामुळे नऊ ते पाच पाणी टाळते. पाळी वर्षभर अनियमित आहे. ‘भरपूर पाणी प्या, स्वच्छता ठेवा’ एवढंच उत्तर देऊ नका. गोळ्यांनी जंतू मेले, तर परत येतात कुठून? आणि लघवीबरोबर वाहून का जात नाहीत?

प्रिय बाई,

आधी एक काम करा. ती जंतुनाशकाची बाटली आजपासून बंद. कारण पुढे सांगते, पण पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत थांबण्यासारखं ते नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तीस वर्षं मी लघवीचे नमुने तपासले, हजारो बायकांशी बोलले. ‘कुठून आले’ हे सगळ्या विचारतात. ‘वाहून का जात नाहीत’ हे क्वचितच कुणी विचारतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. मूत्राशय दिवसातून सहा-सात वेळा स्वतःला धुऊन काढतं. एवढ्या धुण्यात टिकायचं तर जिवाणूला कशाला तरी धरून बसावं लागतं.

तुमच्या त्रासामागचा जिवाणू कोणता, हे तपासणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण अशा साध्या उन्हाळीत चारपैकी तीन वेळा तरी तो ई. कोलाय असतो. आपल्याच आतड्यात राहणारा. थिओडोर एशेरिश या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शीमधून त्याचं वर्णन केलं. तेव्हा नणंदबाईंना सांगा, तो बाहेरच्या घाणीतून आलेला नाही, जन्मापासून सोबत आहे. गुदद्वारापासून मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंतचं अंतर बाईच्या शरीरात फार थोडं, आणि पुढे मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. पुरुषाचा साधारण वीस. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यातल्या सगळ्या अस्वच्छ असतात असं म्हणायचं असेल, तर म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं.

ई. कोलायची लांबी दोन मायक्रोमीटर. एका मिलिमीटरमध्ये पाचशे जिवाणू रांगेने बसतील. मूत्रमार्गात त्रास देणाऱ्या जातींच्या अंगावर शेकडो बारीक तंतू असतात, माणसाच्या केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढे पातळ. त्यांना फिम्ब्री म्हणतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक प्रथिन असतं, त्याचं नाव फिमएच. आघाड्याच्या तुऱ्यातून चालून आल्यावर साडीच्या काठाला बिया कशा लटकतात? त्या बियांच्या टोकाशी जे काटे असतात, तसं हे टोक. फरक इतकाच की आघाडा कुठल्याही कापडाला चिकटतो आणि फिमएच एकाच गोष्टीला धरतो. मॅनोज नावाच्या साखरेला.

ही साखर मूत्राशयात कुठून आली? तुम्ही वर्गात प्रद्रव्यपटल शिकवता. फळ्यावर काढलेलं ते पेशीभोवतीचं दुहेरी वर्तुळ प्रत्यक्षात इतकं गुळगुळीत नसतं. त्यात प्रथिनं खोवलेली असतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांना साखरेच्या छोट्या साखळ्या लोंबत असतात. या साखळ्या पेशींच्या एकमेकींना ओळखायच्या खुणा. जिवाणूंनी त्या खुणांचा उपयोग खुंटीसारखा करून घेतला आहे.

मूत्राशयाच्या सगळ्यांत आतल्या थरातल्या पेशींना छत्री पेशी म्हणतात. मोठ्या, पसरट. त्यांचं लघवीच्या बाजूचं पटल शरीरात दुसरीकडे सहसा सापडत नाही असं आहे. त्याचा बाहेरचा पापुद्रा आतल्यापेक्षा जवळपास दुप्पट जाड. त्यावर युरोप्लाकिन नावाची प्रथिनं षटकोनी नक्षीत बसवलेली, मधाच्या पोळ्यासारखी. लघवीतली नको असलेली द्रव्यं परत रक्तात झिरपू नयेत म्हणून ही फरसबंदी. त्यातल्या एका युरोप्लाकिनवर मॅनोजच्या साखळ्या असतात, आणि फिमएच नेमका त्यांना पकडतो. म्हणजे ज्या फरशीने मूत्राशय जलरोधक होतं, तिलाच हा जिवाणू लटकतो.

वाहून का जात नाही, याचं उत्तर २००२ साली सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या वेंडी थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ते वाचल्यावर मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. कोणतीही पकड ओढली की सैल व्हावी, असं आपण धरून चालतो. फिमएच उलटा वागतो. ओढ बसली की तो मॅनोजला जास्त घट्ट धरतो, ओढ गेली की ढिला पडतो. विहिरीत सोडायच्या बादलीच्या कडीला आपण फास मारतो ना, त्यातलाच प्रकार. बादली लोंबकळते तेव्हा गाठ आवळते, काठावर टेकवली की बोटाने सुटते. लघवीची धार सुटते तेव्हा जिवाणू हात आवळतो. धार थांबली की हात सोडून शेजारी सरकतो. वर त्याचा तंतू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. जोराचा हिसका बसला तर तो उलगडत लांब होतो आणि हिसका खाऊन टाकतो.

एवढं वाचून तुमच्यातल्या विज्ञानाच्या बाईंनी मला पकडलं असणार. प्रवाहाने पकड घट्ट होते, तर पाणी पिऊन काय उपयोग? प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणार आहे. आधी पेशीच्या आत जाऊन येऊ.

मूत्राशय रिकामं असताना लहान, भरलं की चार-पाचशे मिलिलिटरचं. एवढं ताणायचं तर पेशीचं पटल कमी पडेल. त्यावर पेशीची युक्ती शिंप्याची आहे. शिंपी ब्लाउजच्या आत मार्जिन सोडतो, पुढे लागलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. छत्री पेशी पटलाचा जादा साठा चपट्या पिशव्यांच्या रूपात आत ठेवतात. मूत्राशय भरू लागलं की या पिशव्या वर येऊन पटलाला जोडल्या जातात. रिकामं झालं की जादा पटल पुन्हा आत ओढून घेतलं जातं. आता त्या पटलावर एक जिवाणू लटकलेला आहे. पटल आत गेलं की तोही आत जातो. दरवाजा फोडावा लागत नाही. पेशीनेच मार्जिन दुमडताना त्याला आत शिवून टाकलं.

पेशी मूर्ख नाही. जिवाणूच्या बाह्यकवचावरची रसायनं ओळखणारे पहारेकरी तिच्यापाशी आहेत. आत काही नको ते आलं, हे कळलं की ती पिशवी परत पटलाला जोडून जिवाणू बाहेर थुंकते. बहुतेक असे बाहेर जातात. पण एखादा पिशवी फोडून पेशीच्या द्रवात उतरतो आणि तिथे वाढतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात (हे सिअॅटलचं नव्हे, अमेरिकनांना नावांची इतकी टंचाई का आहे कळत नाही) स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने २००३ साली उंदरांच्या मूत्राशयात अशा गच्च भरलेल्या पेशी दाखवल्या. मोहरीच्या शेंगेसारख्या फुगलेल्या, आत हजारो जिवाणू. माणसांत हे होतं का, म्हणून २००७ साली लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी असलेल्या ८० बायकांचे नमुने पाहिले गेले. १८ टक्के नमुन्यांत जिवाणूंनी भरलेल्या तशाच पेशी गळून आलेल्या मिळाल्या. त्रास नसलेल्या बायकांच्या नमुन्यांत एकही नाही.

पेशी फुटते तेव्हा काय होतं ते तुम्ही चार वेळा अनुभवलं आहे. छत्री पेशी सोलून गळतात, खालचा कोवळा थर उघडा पडतो, त्याला लघवी लागते. तीच ती जळजळ. काही जाती हीमोलायसिन नावाचं विषही सोडतात, ते यजमान पेशीच्या पटलात घुसून भोकं पाडतं. रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, अशा जिवाणूच्या वसाहतीभोवती लाल रंग जाऊन स्वच्छ कडं पडतं. प्रयोगशाळेत सकाळी बशी उघडली की ते कडं आधी डोळ्यांत भरायचं.

तर मग ‘परत येतात कुठून’. दोन वाटा आहेत. एक, आतड्यातला साठा तसाच असतो, तिथून नवी चढाई. दुसरी, मूत्राशयाच्या भिंतीतच काही जिवाणू पटलाच्या पिशवीत निपचित पडून राहतात, जिथे गोळीचा परिणाम पुरेसा पोचत नाही. दुसरी वाट उंदरांत नीट सिद्ध झाली आहे. बायकांत ती किती वेळा घडते हा वादाचा विषय आहे. माझा कल विचाराल तर बहुतेक जणींचा पहिलाच मार्ग असतो. तुमचा कोणता, याचा अंदाज लावायला दर वेळचे कल्चर रिपोर्ट (लघवीतले जिवाणू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहण्याची तपासणी) शेजारी ठेवून बघावे लागतात. आणि तुमच्या पत्रात कल्चर हा शब्द एकदाही नाही, बाई. चार वेळा गोळ्या झाल्या आणि एकदाही नाही.

हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे. अंदाजाने दिलेल्या गोळीने दोन दिवस बरं वाटणं आणि जिवाणू संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुम्ही त्या रेषेपलीकडे आहात, तेव्हा यापुढे पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी नमुना. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आणा. लोणच्याची धुतलेली बाटली चालत नाही, खोकल्याच्या औषधाची तर मुळीच नाही, मी दोन्ही पाहिल्या आहेत. साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. उन्हात तासभर राहिलेल्या डबीत जिवाणू इतके वाढतात की रिपोर्ट वाचणाऱ्याची फसगत होते. उत्तराला साधारण दोन दिवस लागतात. तोवर त्रास असह्य असेल तर डॉक्टर गोळी सुरू करतील आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतील. नायट्रोफ्युरँटॉइनसारखं जुनं औषध अजून पुष्कळदा लागू पडतं. त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. पण ते लघवीत काम करतं, किडनीच्या आतल्या संसर्गाला पुरत नाही.

म्हणून हेही लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यांतलं काहीही आलं तर ती उन्हाळी राहिलेली नाही. त्याच दिवशी दवाखाना. किडनीकडे चढणाऱ्या जातींकडे आणखी एक वेगळे तंतू असतात, त्यांना पी फिम्ब्री म्हणतात. ते किडनीच्या पेशींच्या पटलातल्या स्निग्ध रेणूंवरची दुसरीच साखर धरतात. तीच साखर रक्तपेशींवर पी रक्तगटाची खूण म्हणून असते, आणि नाव तिथूनच पडलं.

आता मुलाने पाठवलेली पावडर. त्याची कल्पना चुकीची नाही. कपाशीच्या कडेने झेंडू लावतात तुमच्याकडे, सापळा पीक म्हणून. बोंडअळी झेंडूवर जावी, कपाशी वाचावी. लघवीत मोकळा मॅनोज सोडला तर फिमएच त्यालाच धरून बसेल, भिंतीला धरणार नाही, हा हिशेब. गंमत म्हणजे शरीर हे सापळा पीक स्वतःच लावतं. किडनी युरोमॉड्युलिन नावाचं प्रथिन बनवते. लघवीत सगळ्यांत जास्त असणारं हेच. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० साली ते वेगळं केलं. त्याच्या लांब दोऱ्यांवर मॅनोजच्या साखळ्या असतात, जिवाणू त्यात अडकतात आणि लघवीबरोबर खरोखरच वाहून जातात. ज्या उंदरांत हे प्रथिन बनत नाही त्यांना मूत्राशयाचा संसर्ग सहज होतो.

पण हिशेब बरोबर म्हणून पीक येतंच असं नाही, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. ब्रिटनमध्ये वारंवार त्रास होणाऱ्या ५९८ बायकांवर मॅनोजची नीट चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला. सहा महिने रोज दोन ग्रॅम. पावडर घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के बायका पुन्हा दवाखान्यात गेल्या, दिखाऊ पावडर घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के. हा फरक योगायोगापलीकडचा मानता येत नाही. पावडर महाग असते. डबा संपवा, मुलाचं मन राखा, दुसरा मागवू नका. धने-जिऱ्याचं पाणी प्या खुशाल, त्यातलं पाणी उपयोगाचं आहे. लघवीची जळजळ कमी करणारं गुलाबी सिरप दाह थोपवतं, जिवाणूला काही करत नाही.

पाण्याकडे येते. फासाची गाठ घट्ट होते हे खरं, पण सगळे जिवाणू सगळा वेळ धरून नसतात. काही सरकत असतात, काही नुकतेच जन्मलेले मोकळे तरंगत असतात. अनुकूल जागी ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. मूत्राशयात वेग कमी असतो, तरी नऊ ते पाच हे आठ तास त्याला भरपूर झाले. दर दोन-तीन तासांनी मूत्राशय रिकामं केलं तर भिंत धरायच्या आधीच मोकळ्यांची फळी जाते. हे नुसतं तर्काने नाही. बल्गेरियात १४० बायकांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१८ साली छापून आला. वारंवार त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या बायका. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. या बायका पाळी चालू असलेल्या होत्या आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला हा सल्ला तसाच लागू नाही, पण तुम्ही तर आठ तास ओठ कोरडे ठेवता.

तेव्हा ‘भरपूर पाणी प्या’ हे तुम्हाला नको असलेलं वाक्य मी शेवटी म्हणालेच. फक्त ते कुलपासकट म्हणते. स्वच्छतागृहाची एक किल्ली तुमच्या पर्समध्ये हवी. मुख्याध्यापकांकडे तोंडी मागू नका, अर्ज द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. लघवी तुंबवल्याने आजार होतो हे अर्जात लिहायला लाजू नका. सोबतच्या बाईंची सही मिळाली तर उत्तम, त्याही पाणी टाळत असणार. सकाळी निघण्याआधी एक तांब्या, मधल्या सुट्टीत एक बाटली, तिसऱ्या प्रहरी आणखी एक. दर वेळी जाऊन या.

आता बाटलीचं राहिलेलं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, विरजणातल्यांचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात, त्या आंबट जागेत आतड्याकडून आलेला ई. कोलाय बस्तान मांडू शकत नाही. जंतुनाशक ओतलं की पहिले हे मरतात. तुम्ही दिवसातून दोनदा राखणदार मारून वाट मोकळी करत होता. साधं पाणी पुरे. सुगंधी वॉशही नको.

त्यात तुमचं वय. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, तसा लॅक्टोबॅसिलसचा आधारही जातो, कारण तिथल्या पेशींत त्यांना लागणारं ग्लायकोजेन कमी बनतं. १९९३ साली पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ बायकांवर इस्ट्रोजेनच्या मलमाचा प्रयोग झाला. मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, साधं मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. या विषयात इतका मोठा फरक दाखवणारे आकडे मी फार कमी पाहिले आहेत. तरी आपल्याकडे कितीक बायकांना याबद्दल कुणी बोलतच नाही. हार्मोन म्हटलं की घाबरतात. हे मलम योनीमार्गात लावायचं असतं, अंगात फार थोडं जातं. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा पाळीबाहेर रक्त जात असेल तर आधी सांगायचं. तुमची पाळी अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून मलम आत्ता की वर्षाने, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून ठरवावं. जाताना हा मुद्दा तुम्ही काढा, त्या काढतील म्हणून थांबू नका.

त्याच खेपेला उपाशीपोटी साखर तपासून घ्या आणि पोटाची सोनोग्राफी करा, लघवी केल्यावर आत किती उरते ते पाहायला सांगा. मुतखडा किंवा उरलेली लघवी असेल तर वरच्या सगळ्या उपायांना मर्यादा येते.

आणि एक उलटी सूचना. त्रास थांबल्यावर उगाच कल्चर करू नका. या वयात लक्षणं नसताना लघवीत जिवाणू सापडणं आश्चर्याचं नाही. गरोदर नसाल आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची नसेल तर त्यावर गोळ्या घ्यायच्या नसतात. रिपोर्टावर ‘जिवाणू आढळले’ वाचून घेतलेल्या गोळ्यांनी फक्त पुढच्या वेळची औषधं निकामी होतात.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की डबी आधी, गोळी नंतर. रिपोर्ट आला की जिवाणूचं नाव आणि ज्या औषधांपुढे ‘एस’ लिहिलंय, म्हणजे ज्यांना तो दाद देतो, ती यादी मला कळवा. किल्लीचं काय झालं तेही.